लुगड्याचं वय

‘ह्या वयात हे शोभतं का?’ हा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येकीने ऐकलेला आहे. बाराव्या वर्षी ऐकला, ‘आता फ्रॉक बस झाले.’ लग्न झाल्यावर ऐकला, ‘ड्रेस घालायचा तर माहेरी घाल.’ सून आल्यावर ऐकला, ‘सासू झालीस आता, एवढी भडक साडी?’ आणि नवरा गेल्यावर तर कुणी प्रश्न विचारतच नाही, सगळे मिळून थेट उत्तरच सांगतात. बोलणारे असं बोलतात की जणू हे नियम डोंगराइतके जुने आहेत. आमच्या बचत गटात शिवणकाम चालतं, दिवसभर कापडाशीच गाठ. शिवाय आमच्यातल्या दोघी-तिघींनी बी.ए.ला इतिहास घेतलेला. तेव्हा आम्ही ठरवलं, हे नियम खरंच किती जुने आहेत ते एकदा बघूया. पुस्तकं काढली, गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारलं, घरातले जुने फोटो पाहिले. आज त्याचंच सांगतो.

सुरुवात अगदी जन्मापासून करू. आपल्याकडे बाळाच्या अंगाला लागणारं पहिलं कापड आजीच्या जुन्या लुगड्याचं असतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, त्याचंच दुपटं आणि त्याचेच लंगोट. नवं कापड बाळाला टोचतं म्हणून ही रीत पडली, आणि पैसे वाचतात म्हणूनही. मग कुंची, झबलं, टोपडं. मग मुलीला परकर-पोलकं. आणि त्यानंतर, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, एकदम लुगडं.

हे ‘एकदम’ नीट समजून घ्या. आनंदीबाई जोशींचं लग्न झालं तेव्हा त्या 9 वर्षांच्या होत्या. रमाबाई रानडे 11 वर्षांच्या. म्हणजे आज ज्या वयात पोरगी चौथी-पाचवीत असते, दप्तर टाकून खेळायला पळते, त्या वयात तिच्या डोक्यावर पदर होता. मधलं वयच नव्हतं. लहान मुलगी आणि बाई, एवढ्या दोनच पायऱ्या. मग मधल्या वयाचे कपडे तरी कुठून येणार?

ते मधलं वय कायद्याने आणि शाळेने तयार केलं. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला आणि 10 वर्षांचं वय 12 केलं गेलं. एवढ्या दोन वर्षांसाठी महाराष्ट्रात केवढं रान पेटलं होतं ते शाळेच्या पुस्तकात आपण वाचलंय. 1929 साली हरबिलास सारडांचा कायदा आला, मुलीच्या लग्नाचं वय 14 झालं. पुढे 15, आणि 1978 साली 18. लग्न जसं पुढे सरकलं तशी मुलीला मधे मोकळी वर्षं मिळाली, आणि त्या वर्षांना कपडे लागले. छिटाचे परकर, मग फ्रॉक, शाळेचा स्कर्ट-ब्लाउज, दोन वेण्यांना लाल रिबिनी, आणि पुढे पंजाबी ड्रेस. ‘तरुण मुलीचे कपडे’ म्हणून आज दुकानात जे टांगलेलं असतं ते सगळं त्या मोकळ्या वर्षांतलं. कायदा असूनही आमच्या भागात सतराव्या वर्षी पोरीला शालू नेसवणारी घरं आहेत, हे इथे बोलून ठेवतो. तिचीही ती मधली वर्षं कुणीतरी काढून घेतलेली असतात.

आता लुगड्याकडे येऊ. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. कासोटा घालून नेसलं की घोड्यावर बसा, चिखलात भात लावा, विहिरीवरून दोन घागरी आणा, काही अडत नाही. आत परकर लागत नाही, नाडी लागत नाही, पिन लागत नाही. वर गाठीची चोळी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या अंगावर इरकल दिसायची, आणि गुळेदगुड्डच्या खणाची चोळी. इरकल, गुळेदगुड्ड ही दोन्ही गावं आज कर्नाटकात आहेत, पण आपल्या आज्यांनी ही कापडं कधी परक्या मुलखाची मानली नाहीत. तर मुद्दा असा, की हे लुगडं ‘म्हाताऱ्या बाईचं’ नव्हतं. नव्या नवरीचं तेच, लेकुरवाळीचं तेच, आजीचंही तेच. रंग, काठ आणि नेसण्याची ढब बदलायची. कोळिणीचं गुडघ्यापर्यंत घट्ट, देशावरच्या शेतकरी बाईचं पोटरीपर्यंत, पुण्याच्या ब्राह्मण घरातलं निराळं. बाई समोरून आली की ती कोणत्या जातीची आणि सवाशीण की विधवा, हे आधी कळायचं. वय त्यानंतर.

मग गोल साडी कुठून आली? ही गोष्ट आम्हाला वाचताना फार आवडली. बंगालमधल्या ज्ञानदानंदिनी देवी टागोर, रवींद्रनाथांच्या थोरल्या वहिनींपैकी एक, 1860च्या दशकात नवऱ्याबरोबर मुंबईला आल्या. नवरा सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले भारतीय, त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात. बंगाली बायका तेव्हा आत काही न घालता एकच साडी गुंडाळत, तेवढ्यावर बाहेर पडायची सोय नव्हती. मुंबईत त्यांनी पारशी बायकांची साडी पाहिली, तिच्यात फेरफार केला, खाली परकर, वर ब्लाउज अशी जोड दिली, आणि बंगालमध्ये परत जाऊन दुसऱ्या बायकांनाही शिकवली. आज देशभर ज्याला आपण ‘साधी साडी’ म्हणतो तिच्या घडणीत मुंबईच्या पारशी बायकांचा असा हात आहे. आणि त्या काळच्या लोकांना ती साधी वाटली नव्हती हेही लक्षात ठेवा.

आपल्याकडची आनंदीबाई 1883 साली 18व्या वर्षी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाली. पोशाख सोडणार नाही या निश्चयानं गेली. पण तिथल्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात. तेव्हा तिनं साडी ठेवली आणि नेसण्याची पद्धत बदलली, गुजराती वळणानं पायघोळ नेसू लागली. 1885 सालचा तिचा एक फोटो आहे, फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजातला. एक जपानी मुलगी तिच्या पोशाखात, एक सीरियाची तिच्या पोशाखात आणि आपली आनंदी साडीत. जिला थंडी वाजत होती तिनं स्वतःच तोडगा काढला, ही आम्हाला त्यातली मोठी गोष्ट वाटते.

पाचवारी मात्र घराघरांत रुळायला विसाव्या शतकाचा बराच काळ जावा लागला. शहरात आधी, खेड्यात फार नंतर. पाचवारीला ‘गोल पातळ’ म्हणायचे, ब्लाउजला ‘पोलकं’ किंवा ‘झंपर’. शिकलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या, नर्स झालेल्या बायका आधी गोल नेसू लागल्या. आमच्या गटातल्या दोन सासवा सांगतात, त्यांनी पहिल्यांदा गोल साडी नेसली तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या होत्या, ‘कासोट्याशिवाय बाई? हा काय थिल्लरपणा!’ म्हणजे आज जी साडी आपण पोरींच्या जीन्सपुढे मर्यादेचा नमुना म्हणून धरतो, ती तिच्या काळातली जीन्सच होती की!

आणि यात पैशाचाही हिशोब होता, तो विसरून चालणार नाही. नऊ वारापेक्षा पाच वाराला निम्म्याच्या आसपास कापड. मुंबईत 1850च्या दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली, इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग आला, कापड हळूहळू स्वस्त होत गेलं. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची एवढी टंचाई झाली की ते कंट्रोलवर, रांगेत उभं राहून घ्यावं लागे. लुगडं मधे विरलं की विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन चांगली टोकं जोडायची, त्याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं नेसून आपल्या आज्यांनी दहा-दहा वर्षं काढली. वयाला काय शोभतं हा विचार करायला कपाटात दुसरं काहीतरी असावं लागतं. ते ज्यांच्याकडे होतं त्यांनीच हे नियम केले, असं आमचं स्पष्ट मत आहे.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट महाडची. 1927च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषद भरली, 25 तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं, हे आपल्याला माहीत असतं. त्याच वेळी बाबासाहेब आंबेडकर तिथे जमलेल्या बायांशी निराळे बोलले, हे कमी सांगितलं जातं. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या बायांचं लुगडं तेव्हा गुडघ्यापर्यंत, हातात-गळ्यात कथलाचे आणि चांदीचे जड दागिने. लांबून पाहिलं तरी जात कळावी, अशी ती सगळी व्यवस्था होती. बाबासाहेबांनी सांगितलं की ही ओळख अंगावरून उतरवा, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, ते जड गळ्यातलं सोडा, फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ नेसा. आणि मुलींना शाळेत घाला. दुसऱ्या दिवशी बाया घोट्यापर्यंत लुगडी नेसून बाहेर पडल्या. परिषदेत आलेल्या काही सवर्ण घरांतल्या बायांनी त्यांना नेसायला मदतही केली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढलं, त्यात या चळवळीतल्या बायांच्या आठवणी गोळा केल्या आहेत. जमलं तर गटात मोठ्याने वाचा, आम्ही वाचलं.

त्या दिवशी महाडला तरुण पोरी होत्या, तशा म्हाताऱ्याही होत्या. साठीच्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा घोट्यापर्यंत लुगडं सोडलं, त्या वेळी तिला कुणी विचारलं असतं का, ‘ह्या वयात?’ विचारलंही असेल. तिनं नेसलं.

आता दुसरा नियम, विधवेचा. यालाही वयाचं नाव देतात, पण वयाचा यात काडीचा संबंध नव्हता. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण आणि त्यांचं पाहून चालणाऱ्या काही घरांत नवरा वारला की बाईचे केस काढत आणि तिला आलवण देत. आलवण म्हणजे तांबडं जाडंभरडं लुगडं, डोक्यावरून घट्ट ओढलेलं, खाली चोळी नाही. बारा वर्षांची असो की साठीची, पोशाख तोच. म्हणजे बारा वर्षांच्या पोरीला एका दिवसात म्हातारी करून ठेवत. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेतली आणि आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. इतिहासात असं फार थोड्या वेळा घडतं.

महर्षी कर्व्यांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं, 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. त्यांची मेहुणी पार्वतीबाई आठवले स्वतः केशवपन झालेली विधवा. आश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, पुढे अमेरिकेलाही जाऊन आल्या. मधल्या काळात त्यांनी केस वाढू दिले आणि विधवेचा वेश सोडला. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र आहे. हजारो रुपये गोळा करणाऱ्या बाईलाही स्वतःच्या डोक्यावर केस ठेवायचे का, याची लोकांना कैफियत द्यावी लागत होती.

आलवण गेलं. आमच्यातल्या कुणीच ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण त्याची सावली राहिली. फिकट रंग, बारीक काठ, हिरवं नको, लाल नको, गजरा तर नकोच. दरवर्षी आमचा गट सगळ्यांना एकसारखी साडी घेतो. एका वर्षी बहुतेकींनी हिरवी म्हटलं, आणि मागच्या रांगेतून एक ताई हळूच म्हणाल्या, ‘मग माझी घेऊ नका. माझे पैसे हप्त्यात धरा.’ वय पस्तीस. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. त्यांच्या शेजारी बसलेल्या साठीच्या मावशी हिरवीच नेसणार होत्या, कारण त्यांचे मालक बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. आता सांगा, यात वय कुठे आहे?

त्या बैठकीत बरीच वादावादी झाली. काहीजणी म्हणाल्या, रंग बदला, कशाला कुणाला अवघडून टाकायचं. काहीजणी म्हणाल्या, रंग बदलला तर नियम आपणच मान्य केला. शेवटी साडी हिरवीच घेतली, त्या ताईंचीही घेतली, आणि नेसायची की नाही ते त्यांच्यावर सोडलं. पहिली दोन वर्षं ती पेटीत राहिली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022च्या मे महिन्यात विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. त्या ताईंनी ठरावाची बातमी दोनदा वाचून घेतली. साडी नेसली ती मात्र भाचीच्या लग्नात, कुणाला न सांगता. आम्हाला फोटो पाहून कळलं.

आता थोडं हलकं बोलू. गाऊन. गावोगाव सकाळी पाण्याच्या नळावर गाऊन आणि खांद्यावर टॉवेल, हा आपला पोशाख झालाय. म्हणायला घरातला, पण दळण आणायलाही चालतो. याला नावं ठेवणारे पुष्कळ, पण पाच वाजता उठून चूल, जनावरं, पोरांचे डबे करणाऱ्या बाईला तो सोपा पडतो म्हणून तो आला. कासोट्याचं लुगडं ज्या कारणाने होतं त्याच कारणाने. चार आण्यांची पिन आणि नाडी सांभाळत काम करायचं असतं तेव्हा सोय आधी बघतात. पुरुषांनी धोतर सोडून पँट घातली तेव्हा त्यांना वय कुणी विचारलं होतं का? ताराबाई शिंद्यांनी 1882 सालीच ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिताना साहेबी पोशाख करणाऱ्या पुरुषांना टोले देऊन ठेवलेत. त्यांचं पुस्तक पातळ आहे, पण जपून वाचा, लागतं.

राहता राहिली नऊवारी. तिची गंमत बघा. आधी ती सगळ्यांची. मग पाचवारीने तिला म्हाताऱ्यांकडे ढकललं. आमच्या आयांनी तिला हात लावला नाही, ‘नऊवारी नेसायला मी काय म्हातारी आहे का’ म्हणून. आणि आता? पाडव्याच्या शोभायात्रेत, कॉलेजच्या लावणीत, नवरीच्या अंगावर, सगळीकडे नऊवारी, नाकात नथ आणि डोळ्याला गॉगल. तीही शिवलेली. पायजम्यासारखी चढवायची, मागे कासोटा शिवलेला, कमरेला इलॅस्टिक नाहीतर नाडी. आमच्या गटाला लग्नसराईत सगळ्यात जास्त काम याचंच असतं. गिऱ्हाईक विशीतलं. त्यांच्या आया पाचवारीत आणि आज्या मॅक्सीत. उलटी गंगा!

शिवता शिवता आम्ही एक शिकलो. वय कपड्याला लागतं ते रंगात लागत नाही, सांध्यांत लागतं. चाळिशीनंतर खांदा धरतो, हात मागे जात नाही, तर ब्लाउजचे हूक पुढे घ्या. साठीनंतर बाही थोडी सैल, काखेत जोड द्या, कापड सुतीच घ्या, घाम शोषतं. गुडघे दुखणाऱ्या बाईला साडी घोट्याच्या दोन बोटं वर, म्हणजे जिन्यात पाय अडकत नाही. गडद रंग, मोठे काठ, हवं ते घ्या, त्याने गुडघा दुखत नाही. पोरींच्या कुर्त्याला आणि आजीच्या पोलक्यालाही आम्ही आता आतून खिसा लावतो, मोबाइल मावेल एवढा.

यंदा शिवलेल्या नऊवारीची एक ऑर्डर वरच्या आळीतल्या ऐंशीच्या आजींकडून आली. जन्मभर नऊवारीच नेसलेल्या. अर्धांगाने डावा हात गेला आणि दीड वर्ष सुनेनं गाऊनवर ठेवलं होतं. नातीची शिवलेली नऊवारी पाहून म्हणाल्या, ‘मला अशी शिवून द्या.’ आम्ही त्यांचंच जुनं इरकल घेतलं, कासोटा शिवला, नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक लावलं, पोलक्याला पुढून चिकटपट्टी. पदरही खांद्याला शिवून टाकतो म्हटलं तर नको म्हणाल्या, पदर मोकळाच ठेवायला लावला. उजव्या हाताने त्या तो डोक्यावर घेतात, निसटला की परत घेतात. शिलाई द्यायला लागल्या तेव्हा आम्ही म्हटलं राहू द्या, तर रागावल्या. दीडशे रुपये मोजून दिले आणि दुसरं लुगडंही टाकलं शिवायला. ते चंद्रकळा आहे, दोन ठिकाणी दंड घातलेलं. ते शिवायचं कसं, यावर सध्या आमची चर्चा चालू आहे. कुणी जुन्या विरलेल्या कापडाला आतून अस्तर देऊन काम केलं असेल तर आमच्या गटाला जरूर कळवा.